ठिपक्यांचं भात

रागाचा अभ्यास करणारा माणूस आणि रागावणारा माणूस एकाच देहात, एकमेकांची ओळखही करून न घेता, इतक्या सुखाने नांदताना मी माझ्या साडूंखेरीज कुठेच पाहिला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. एका संशोधन संस्थेत त्यांनी उभी हयात घालवली ती झाडांना राग कसा येतो, आणि मुख्य म्हणजे तो उतरतो कसा, हे शोधण्यात. झाडांचा राग उतरवणाऱ्या एका प्रथिनाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई, निदान त्यांच्या स्वतःच्या घरात तरी. आणि हेच गृहस्थ आपल्या सख्ख्या थोरल्या भावाशी, ज्याची गच्ची त्यांच्या गॅलरीतून स्वच्छ दिसत होती, कित्येक वर्षं एक शब्दही बोलले नव्हते. ते कधी बोलतील, की न बोलताच दोघांपैकी एक जण निघून जाईल, ही आम्हा सगळ्यांना लागून राहिलेली काळजी होती. साडूंना ती नव्हती. त्यांना काळजी होती ती भाताच्या पानांची.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. हे मी तेव्हाच लिहायला घेतलं होतं, पण मी सावकाश लिहिणारा माणूस आहे. आयुष्य ग्रंथालयात गेलं, तिथे घाईची सवय लागत नाही. शिवाय साडूंबद्दल चांगलं लिहायला बसलं की त्यांचे किस्से आधी आठवतात, आणि मग चांगलं लिहिणं लांबणीवर पडतं.

आमची पहिली भेट ठाण्याला सासऱ्यांच्या घरी झाली. मुलामुलीने कॉलेजातच सगळं ठरवलेलं होतं, पण सासऱ्यांच्या समाधानासाठी रीतसर बघण्याचा कार्यक्रम ठेवला होता. मुलगा घणसोली गावातला, आगरी, घरात पहिलाच इतका शिकलेला, म्हणून सासरे जरा धास्तावून, जरा जास्तच आदराने वागत होते. पोहे झाले, चहा झाला, तबकात विडे आले. साडूंनी विडा उचलला, उलगडला, आतला चुना आणि कात पुसून काढला, आणि पान खिडकीकडे धरून त्यावरचा एक काळपट डाग निरखू लागले. बराच वेळ कुणी काही बोलेना तेव्हा सासऱ्यांनी घसा खाकरून विचारलं, "मग, कशी वाटली?" साडू पानावरची नजर न काढता म्हणाले, "चांगली झुंजलीय हो. डाग वाढू दिला नाही." ते बोलत होते नागवेलीबद्दल, पण सासऱ्यांनी हे मुलीच्या स्वभावाचं वर्णन समजून मान डोलावली, आणि लग्न ठरलं. धाकटीने पुढे कधी त्यांना वाक्याचा खुलासा विचारला नाही. तिला मिळालेली ती एकमेव प्रशंसा होती आणि ती हातची घालवायला ती तयार नव्हती.

डॉक्टरेट मिळाल्यावर गावात ते 'डॉक्टर' झाले, आणि लोक ताप, खोकला, मुतखडे घेऊन यायला लागले. "मी झाडांचा डॉक्टर आहे," असं ते प्रत्येकाला समजावून सांगत. त्यांच्या एका लांबच्या आत्याला ते इतकं नीट समजलं की पुढच्या वेळी ती दुखऱ्या गुडघ्याबरोबर कढीपत्त्याची कुंडीही घेऊन आली. "आदी याला बग," ती म्हणाली, "मंग माजा गुडगा." साडूंनी कढीपत्त्याला तासभर दिला. गुडघ्याची पाळी आलीच नाही. आत्या जिना उतरताना म्हणाली, की एवढा शिकला पण माणसातला राहिला नाही. हे मत तिचं एकटीचं नव्हतं.

घणसोलीच्या बाजारात एक भाजीवाली त्यांच्यासाठी वेगळी टोपली ठेवायची. डाग पडलेला पालक, टोचलेली वांगी, अळीने खाऊन जाळी केलेला कोबी, सगळं 'डॉक्टरांचा माल' म्हणून त्या टोपलीत जमा व्हायचं. इतर गिऱ्हाइकं जे बोट लावून बाजूला सारत, ते हे पिशवीत भरून घेत, आणि वर तिलाच धन्यवाद देत. "शेठ, तुमच्यासारके अजून दोन भेटले ना, तर माझं काय पन फुकट जानार नाय," असं ती म्हणायची. घरी धाकटी तो कोबी भिंगाखाली जाऊन परत येईपर्यंत थांबायची आणि मग खिचडी टाकायची. आमच्याकडे नेरूळला जेवायला आले की साडू माझ्या बायकोला न विसरता सांगत, "ताई, तुमची भाजी फार गुळगुळीत असते. अशा भाजीने आयुष्यात काही पाहिलेलं नसतं." आमची ही त्यावर त्यांना आणखी एक पोळी वाढायची. बोलणं थांबवण्याचा तिच्याकडे तेवढाच उपाय होता.

त्यांचा विषय नेमका काय, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की माझ्या ग्रंथालयातल्या निम्म्या पुस्तकांपेक्षा तो मला जास्त ठाऊक आहे. कुणी विचारायची गरज नसे. लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, एकदा तर स्मशानात लाकडं रचली जात असताना, ते सांगत. पानातल्या प्रत्येक पेशीच्या कुंपणावर पहारेकरी बसलेले असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. जंतूच्या शेपटीचा तुकडा हाताला लागला की पहारेकरी जागा होतो, शेजाऱ्याला जवळ ओढतो, आणि दोघं एकमेकांना फॉस्फेटचा टिळा लावतात. टिळा लागला की आत निरोप जातो, शत्रू आला. मग पेशी दारं लावते, विष ओकते, अगदीच वेळ आली तर शत्रूची वाट अडवण्यासाठी स्वतः मरते. "इथपर्यंत जगाला ठाऊक आहे," साडू म्हणत, आणि 'जगाला' हा शब्द ते अशा काही सुरात उच्चारत की त्यात त्यांच्या संस्थेतले सगळे वरिष्ठ सामावले जात. "पण पुढे काय? हा ओरडतच राहिला तर?" मग जरा थांबून, समोरच्याला उत्तराची उत्सुकता आहे असं गृहीत धरून, ते सांगत, की तेव्हा दुसरं एक प्रथिन येतं आणि ओरडणाऱ्या पहारेकऱ्याच्या पाठीवर एक बारीक लेबल चिकटवतं. युबिक्विटिन नावाचं. लेबल लागलं की त्या पहारेकऱ्याला आत ओढून नेतात आणि मोडून टाकतात. कुंपणावर नवा, शांत पहारेकरी बसतो. "हा लेबल लावणारा बिघडला तर झाडाचा राग थांबत नाही. शत्रू नसतानाही ते लढतं. स्वतःची पानं स्वतःच जाळतं. वाढत नाही, खुजं राहतं. राग येणं सोपं असतं हो. उतरवायला यंत्रणा लागते."

एकदा हे व्याख्यान त्यांनी आपल्या सोसायटीच्या वॉचमनला दिलं. तो पिशव्या धरून लिफ्टपर्यंत आला होता, त्यामुळे त्याला पळता आलं नाही. शेवटी त्याने विचारलं, "मतलब साब, जो ज्यादा चिल्लाया उसको निकाल देते?" साडू म्हणाले, "निकालते नहीं. तोड देते." परिणाम असा झाला, की वॉचमनने दुसऱ्या दिवसापासून कुणालाही हटकणं बंद केलं. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारे, देणग्या गोळा करणारे, एक ज्योतिषी, सगळे थेट सातव्या मजल्यापर्यंत पोचू लागले. कमिटीने जाब विचारला तेव्हा वॉचमनने 'सातवे मालेवाले डॉक्टर साब' हे कारण दिलं. साडूंना मीटिंगला बोलावलं गेलं. तिथे त्यांनी वॉचमनची पाठराखण केली. विषय त्याला नीट कळलेला आहे, असं ते म्हणाले, आणि कमिटीतल्या एकालाही कळलेला नाही, हेही म्हणाले. त्यानंतर त्यांना सोसायटीच्या कुठल्याच मीटिंगचं बोलावणं आलं नाही. याचा त्यांना अभिमान होता.

त्यांचा स्वतःचा राग ओरडण्यातला नव्हता. ते गप्प होत. त्यांचा अबोला टिकाऊ असे, चांगल्या सागवानासारखा. माझ्यावर ते एकदा गप्प झाले होते, कारण त्यांनी वाचायला दिलेल्या एका शोधनिबंधात मी खूण म्हणून पिंपळाचं पान ठेवलं होतं आणि ते पान, म्हणे, रोगट होतं हे मला ओळखता आलं नव्हतं. धाकटीवर गप्प होत तेव्हा ते तिच्याशी भिंतीवरच्या कॅलेंडरमार्फत बोलत. "आज दूध जास्त लागेल," असं ते कॅलेंडरला सांगत, आणि धाकटी कॅलेंडरला उत्तर देई. पण हे सगळे अबोले दहीहंडीच्या खालच्या थराचे. वरचा, सर्वात उंच, होता तो दादूसशी.

दादूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. आगऱ्यांत थोरल्या भावाला दादूस म्हणतात, आणि या दादूसना त्यांच्याहून वयाने मोठे भाडेकरूही दादूसच म्हणत. एके काळी शेती केली, जमीन सरकारने नव्या शहरासाठी घेतली, मग गावठाणातल्या घरावर मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, आणि पायात कधीच चपला नाहीत. वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला खाडीच्या चिखलातून खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलं ते यांनीच. घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या भाडेकरूला पाण्याची वेळ सांगण्याआधी ते 'माजा भाव डॉक्टर हाय' हे सांगत.

तळवलीच्या बाजूला, खाडीच्या बांधाला लागून, त्यांच्या वडिलांच्या जमिनीतला एक तुकडा कुणाच्या तरी नजरेतून सुटून शिल्लक राहिला होता. दादूस त्यात हौसेने खारं, म्हणजे खाऱ्या जमिनीत येणारं, भात लावायचे. त्या भातात साडूंना एकदा एक झाड सापडलं. पानापानावर तपकिरी ठिपके, पण रोग कुठेच नाही. साडूंनी ते ठिपके बघितले आणि घरी आले ते न जेवता. ज्याचं लेबल लावणारं प्रथिन जन्मतःच बिघडलेलं आहे, ज्याचा राग उतरतच नाही, असं झाड त्यांच्या स्वतःच्या बापाच्या शेतात उभं होतं. वर ते खाऱ्या पाण्यात तग धरत होतं. त्या एका झाडाचं बी त्यांनी गॅलरीतल्या कुंड्यांत वाढवलं, पुन्हा वाढवलं. गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही, आणि धाकटी ओले टॉवेल कपाटाच्या दारांवर टाकू लागली. मग निवृत्तीच्या आधीच्या हंगामात त्यांनी ते सगळं बी वडिलांच्या तुकड्यात एका कोपऱ्यात पेरलं. सगळं. थोडं मागे ठेवावं हे त्यांना सुचलं होतं, नाही असं नाही. त्यांनी एक पुडी संस्थेच्या फ्रीजमध्ये ठेवली होती. पण संस्थेत कुणीतरी बडे पाहुणे येणार होते आणि पाहुण्यांना स्वच्छ फ्रीज दाखवायचा होता. विज्ञानाची सेवा अशीही होते.

भात लोंब्यांवर आलं, दाणा भरला. ठिपके असे भरले की झाडं गंजल्यासारखी दिसू लागली. साडू आनंदात होते. त्या आठवड्यात त्यांना एका परिषदेला जावं लागलं. दादूस शेतावर गेले, कोपऱ्यातली ती झाडं त्यांनी पाहिली आणि त्यांना वाटलं ते कुठल्याही भात लावणाऱ्या माणसाला वाटलं असतं. करपा पडलाय, आणि भाव बिचारा गावाला गेलाय. रोग बाकीच्या भातात जाऊ नये, भावाच्या कामाचं नुकसान होऊ नये, म्हणून त्यांनी स्वतः वाकून एकेक झाड मुळासकट उपटलं, बांधावर ढीग केला आणि पेटवून दिला. भाव आल्यावर खूश होईल म्हणून वाट बघत बसले.

साडू परत आले, सरळ बांधावर गेले, राख पाहिली आणि मागे फिरले. ज्या माणसाने आयुष्यभर पालकाच्या पानालासुद्धा प्रश्न विचारले, त्याने भावाला एकही प्रश्न विचारला नाही. दादूसचा नंबर त्यांनी फोनवर ब्लॉक करून टाकला. दिवाळीला दादूस फराळ घेऊन आले तेव्हा साडू कॅलेंडरला म्हणाले, "आपल्याकडे कुणी नाही म्हणून सांग." तो निरोप दादूसनी दारात उभं राहून स्वतःच्या कानांनी ऐकला. डबा उंबऱ्यावर ठेवून ते जिन्याने उतरून गेले. लिफ्टची वाट पाहिली नाही.

मध्यस्थी करायला मला पाठवण्यात आलं, कारण घरात सर्वात निरुपद्रवी मीच होतो. मी दादूसकडे गेलो. ते मला बघून इतके आनंदले की त्यांनी जेवण मांडलं. मी शाकाहारी हे ऐकून म्हणाले, "काय टेन्शन नाय, तुमाना नुसता जवला देतो." जवला म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. मी भाताबरोबर लोणचं खाल्लं. मूळ विषय काढला तेव्हा त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "चुकलं माजं," ते म्हणाले. "पन येक सांगायचं हाय त्याला. तुमाना नाय सांगनार. ज्याचं त्यालाच सांगनार." मी परत येऊन साडूंना म्हटलं, की दादूसना तुम्हाला काहीतरी सांगायचंय. साडू म्हणाले, "जळालेल्या झाडाबद्दल सांगण्यासारखं काय असतं?" मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या झाडांचं लेबल लावणारं प्रथिन बिघडलेलं होतं. तुमचंही बिघडलंय." त्यावर ते माझ्यावरही गप्प झाले. दुसऱ्यांदा.

मात्र रोज सकाळी चहाच्या वेळेला साडू गॅलरीत दुर्बीण घेऊन बसत. पक्षी बघतो, असं सांगत. घणसोलीच्या त्या बाजूला कावळे आणि कबुतरं सोडून काय पक्षी असणार, हे मी विचारलं नाही. एकदा ते आत गेलेले असताना मी दुर्बिणीला डोळा लावला. ती हलू नये म्हणून खाली पुस्तकांचा टेकू दिलेला होता. समोर थेट गावठाणातली एक गच्ची होती. प्लास्टिकची लाल खुर्ची, दोरीवर बोंबील, आणि खुर्चीत पांढऱ्या शर्टातले दादूस, चहा बशीत ओतून पीत. साडू परत आले, मी डोळा काढला. "दिसला काही?" त्यांनी विचारलं. "बगळा," मी म्हटलं. "हं," ते म्हणाले. "येतो तो रोज."

मग साडूंचं हृदय दमलं. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी वर्ज्य सांगितल्या, मीठ आणि राग. मीठ सुटलं. पलंग आतल्या खोलीत होता, गॅलरीपर्यंत चालत जायला मनाई होती, आणि दुर्बीण पुस्तकांच्या टेकूवर एकटीच गच्चीकडे तोंड करून बसून राहिली. इस्पितळातले दोन धरून चारपाच दिवस असे गेले असतील. मी त्यांना पेपर वाचून दाखवत होतो तेव्हा बेल वाजली. धाकटीने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. दादूस अनवाणी आत आले. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता.

"चार दिस झालं," ते दारातूनच म्हणाले, "दुर्बिनीमागं कोन दिसला नाय. म्हनून आलो."

साडूंनी भिंतीकडे पाहिलं. त्या खोलीत कॅलेंडर नव्हतं. नाइलाजाने त्यांना भावाकडे बघावं लागलं. "तुला ठाऊक व्हतं?"

"काच चमकतं ना उन्हात. म्हनून तर खुर्ची तितं ठेवली." दादूस पलंगाच्या कडेवर बसले. "गुडगं दुकतान वर चढताना. पन म्हटलं, बगतोय तर बगू दे."

दादूसनी डबा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. आत जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं भात होतं. बारीक, काळपट कुसळांचं.

"झाडं जालली," दादूस म्हणाले. "पन आदी लोंब्या कापल्या व्हत्या. रोग पानाना व्हता, दान्याना नाय. दाना कोन जालतं?"

मी साडूंच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. धाकटी पाणी आणायला म्हणून गेली आणि बराच वेळ आली नाही.

"मग बोल्लास का नाय?" साडूंनी विचारलं.

"फोन उचललास? दार उगडलंस? तू त्या कॅलेंडरला सांगितलंस, कोन नाय म्हून. मी पन कॅलेंडरला सांगू काय?"

यावर साडू हसले. हसताना त्यांना धाप लागली, दादूसनी त्यांची पाठ चोळली, आणि सगळी वर्षं एवढ्यावरच मिटली. इतका साधा शेवट होणार हे ठाऊक असतं तर आम्ही कमी जेवणं वाया घालवली असती. मग साडूंनी एक दाणा उचलला, नखाने सोलला, दाताखाली धरला. त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला, आणि तो कधीच चांगली बातमी आणत नसे. "आता नाही उगवणार," ते म्हणाले. "इतकी वर्षं, ही हवा, हा डबा. गर्भ मेलेला असतो यातला. पहिल्या वर्षी पेरलं असतं तर..." त्या पहिल्या वर्षी ते कुठे होते, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांना सर्वात जास्त.

"तुजा शास्त्र मेला असंल," दादूस म्हणाले. "कुंडी कुटं हाय?"

कुंडी आणली. खाडीकडची माती दादूसनी स्वतः आणून भरली. मूठभर भात भिजत घातलं, पेरलं. साडूंची खुर्ची आता रोज सकाळी गॅलरीत ठेवली जाई, आणि दादूस रोज चालत येत. दोघं भाऊ एका रिकाम्या कुंडीसमोर बसून राहत. मी कधी गेलो तर मलाही जागा मिळे. बोलणं फारसं नसे.

"पानी जास्ती घातलंस."

"भाताला पानी जास्ती व्हत नाय. शिकलास ते इसरलास काय?"

"उगवत नाय म्हून सांगितलं ना मी."

"मंग बगतोस कशाला?"

एका सकाळी दादूस चहाचे कप आत ठेवायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "डॉक्टर, राग उतरला म्हणायचा?" त्यांनी विचार केला. मरायला टेकलेले असूनही नेमकं उत्तर देण्याची त्यांची सवय सुटली नव्हती. "राग उतरत नाही, साडू," ते म्हणाले. "रागावलेला पहारेकरी बदलतात. तोच तिथे बसून शांत होईल, असं होत नाही." मग कुंडीकडे बघत म्हणाले, "आमच्या क्षेत्रात हे अर्ध्या दिवसाच्या आत होतं."

कुंडीत काहीच उगवलं नाही. त्यांचं अनुमान बरोबर ठरलं. आयुष्यभर ते बहुधा बरोबरच ठरत आले, आणि त्याचा त्यांना उपयोग असा कधी झाला नाही. एका पहाटे झोपेतच ते गेले. स्मशानात लाकडं रचत असताना मला कुणीतरी रिसेप्टर समजावून सांगेल असं सारखं वाटत राहिलं.

परवा वर्षश्राद्धाचं ठरवायला मी धाकटीकडे गेलो. दादूस गॅलरीत होते. ते अजून रोज येतात, कुंडीला पाणी घालतात, चहा पितात, आणि जातात. मी गेलो तेव्हा ते दुर्बिणीला डोळा लावून वाकले होते. पुस्तकांचा टेकू तसाच होता, त्यामुळे त्यांना त्यांची स्वतःची गच्ची आणि रिकामी लाल खुर्चीच दिसत असणार. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. "इतका साफ दिसायचा मी," ते म्हणाले, मला की स्वतःलाच, कोण जाणे.

कुंडीत मात्र हिरवं काहीतरी होतं. वीतभर उंचीचं, पातळ पानांचं, वाऱ्याबरोबर हलणारं. माझा विश्वास बसेना. "दादूस, उगवलं की," मी म्हटलं.

दादूसनी दुर्बीण सोडली आणि माझ्याकडे बघितलं. शाकाहारी माणसाकडे बघतात तसं. "गवत हाय हे. भातात येतं त्यातलं. मातीतून आलं असंल."

"नक्की?"

"जलमभर बेनून काढलंय मी हे. देटाशी हात लावला तरी कलतं." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. धाकटी दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "मग उपटून टाकू का, दादूस? उगाच कुंडी अडकलीय."

"नको," ते म्हणाले, आणि त्या गवताच्या बुडाशी, माती हलू नये अशा बेताने, हळूहळू पाणी सोडू लागले. "आता मी काय उपटायचा नाय. ऱ्हाऊ दे."